खड्डे बघायला चाललेय!

पहाटे साडेपाचला सोसायटीच्या वॉचमनकाकांनी गेट उघडता उघडता विचारलं, ‘एवढ्या सकाळी कुठं मॅडम?’ मी काच खाली करून म्हटलं, ‘खड्डे बघायला चाललेय.’ त्यांनी आमच्या गेटसमोरच्या रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत, पण चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की ह्या पोरीला पेट्रोल जास्त झालंय.

झालं असं, की आमच्या ह्याच अंकाच्या एडिटरबाईंचा फोन आला. ‘डोंगरातली सोलो रोड ट्रिप हवी. जरा वेगळं लँडस्केप. मनाली-लडाख नको, तिकडे जाऊन आलेला प्रत्येक जण लिहितो. इथलंच काहीतरी दे.’ मी ताबडतोब ‘हो’ म्हटलं. फ्रीलान्सर कुठल्याच फोनला ‘नाही’ म्हणत नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तुम्हाला दर महिन्याच्या एक तारखेला बँकेचा एसएमएस येतो, आम्हाला येतो तो फक्त मिनिमम बॅलन्सचा.

फोन ठेवला आणि मग आठवलं, की मी घाटात गाडी चालवत नाही.

चालवत नाही म्हणजे येत नाही असं नव्हे. येते, चांगली येते. पण जुलै २०२२ नंतर मी घाटात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पुण्यात राहून हे निभावणं किती कठीण आहे माहितीय? पश्चिमेला जा, घाट. साताऱ्याकडे जा, घाट. कोकणात जायचं म्हटलं तर प्रश्नच नाही. साडेतीन वर्षं मी ‘एसटीतच खरी मजा असते’ हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलंय, की महामंडळाने मला पास द्यायला हवा होता. स्वतःच्या गाडीने मी जायचे ते फक्त सोलापूर रोड आणि नगर रोड. सपाट आणि सरळ.

म्हणून पहिलं ठिकाण ठरलं निघोज. घाट नाही, पण लँडस्केप असं, की एडिटरबाईंनाही तक्रारीला जागा नाही. पुढचं पुढे बघू.

वाघोलीचं ट्रॅफिक टाळायचं तर साडेपाचच्या आत निघायला हवं, हे ज्ञान मला पावणेसहाला झालं. रांजणगावला गणपतीला गाडीतूनच नमस्कार, शिरूरला चहा, आणि तिथून डावीकडे आत. साडेआठला मी कुकडीच्या पात्राच्या काठावर होते. अलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, पलीकडे अहिल्यानगर म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं निघोज, आणि मध्ये नदी. नदी म्हणजे डोळ्यासमोर जे येतं ते विसरा. इथे काळ्याकभिन्न खडकाचं एक लांबलचक पात्र आहे आणि त्याला कोणीतरी आईस्क्रीमच्या स्कूपने कोरून काढलंय. गोल, लंबगोल, एकात एक घुसलेले, काही बादलीएवढे, काही आख्खी गाडी गिळतील एवढे. भिंती इतक्या गुळगुळीत, की हात फिरवला तर शाळेतल्या पाटीची आठवण यावी. तळाशी हिरवं पाणी. ह्यांना म्हणतात रांजणखळगे. इंग्रजीत ह्याला चक्क ‘पॉटहोल’ म्हणतात, म्हणजे वॉचमनकाकांशी मी खोटं बोलले नव्हते.

हे कोरलं कोणी? दगडांनी. मॉन्सूनमध्ये नदी भरून वाहते तेव्हा पाण्याबरोबर गोटे येतात. खडकात एखादी चीर किंवा छोटा खोलगट भाग असला की गोटा तिथे अडकतो, पाण्याचा भोवरा त्याला गरागरा फिरवतो आणि तो खालचा खडक घासत बसतो. जात्यासारखं. खडक झिजतो तसा गोटाही झिजतो, संपतो, मग पुढच्या पुरात दुसरा येतो. हे असं हजारो पावसाळे. आणि खडकही साधासुधा नाही, आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो लाव्हा थरावर थर वाहत गेला, त्याचा. असल्या खडकाला पाणी आणि गोट्यांनी एवढं कोरावं, म्हणजे पेशन्स बघा. आपला अप्रेझल दोन महिने लांबला तर आपण रेझ्युमे अपडेट करायला घेतो.

आता कुकडीवर वर माणिकडोह आणि येडगाव अशी धरणं आहेत. त्यामुळे पाणी किती आणि कधी यायचं हे पावसाइतकंच धरणाच्या दरवाजांवरही ठरतं. मी गेले तेव्हा डिसेंबर होता, पाणी कमी, मधल्या घळीतून एक धार वाहत होती. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरं आहेत, तिथली घंटा अधूनमधून वाजत होती. बाकी सगळं शांत.

मी फोटो काढत काढत एका मोठ्या खळग्याच्या काठावर गेले. सेल्फीत खळगा मावत नव्हता म्हणून एक पाऊल मागे. आणखी एक.

‘ए पोरी! हिकडं ये आधी!’

काठावर शेळ्या घेऊन बसलेले एक आजोबा उभे राहून हातातली काठी हलवत होते. मी मागे वळून पाहिलं. माझ्या टाचेपासून हातभर अंतरावर काठ संपत होता. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. पाय थोडे थरथरत होते, ते मी शेळीला गवत घालायच्या निमित्ताने लपवले.

‘आत पडलं तर वर यायला धरायचं काय?’ आजोबा म्हणाले. ‘भिताडं बघितली का? साबणावानी. पवणारा असला तरी उपेग न्हाई.’ मग जरा वेळाने, ‘कुणासंगं आलीस?’

‘एकटी आलेय.’

‘घरी सांगितलंस?’

घरी, म्हणजे सांगलीला आईला, मी ‘कामासाठी बाहेरगावी जातेय’ असं सांगितलं होतं. अगदीच खोटं नव्हतं. मी मान डोलावली. आजोबांना पटलेलं दिसलं नाही. त्यांनी माझा हात सरळ करायला लावून त्यावर दोन बोरं ठेवली. ‘फोटूपायी जीव घालवू नको,’ म्हणाले आणि शेळ्यांमागे निघून गेले.

सोलो ट्रॅव्हलवर इंटरनेटवर टनाने लिहिलेलं सापडेल. स्वतःला शोधा, स्वतःशी बोला वगैरे. मागे बघून ‘पुढे हो’ म्हणणारं कोणी सोबत नसतं, ही बारीकशी गोष्ट मात्र त्यात नसते.

निघोजहून अळकुटी, बेल्हे करत कल्याण-नगर हायवेला लागले आणि आळेफाट्याकडे निघाले. आळेफाटा म्हणजे चौक. डावीकडे नारायणगाव-पुणे, उजवीकडे नाशिक, सरळ माळशेज. इथे जवळच कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक नावाचं गाव आहे, तिकडे वाकडी वाट करून गेले. तिथे नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही. गंमत म्हणजे राख आपल्या सह्याद्रीची नाही. तिचं नातं जोडलं जातं थेट इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी, म्हणजे इथून तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर. तिचं वय नेमकं किती, ह्यावरून अभ्यासकांचे वाद आहेत आणि ते जोरदार आहेत. मी काठावर उभी राहून बरीच माती बघितली. मला सगळी एकसारखीच दिसली. मास कॉमच्या डिग्रीत हे नव्हतं. पण आपण उभे आहोत तिथे एकदा समुद्रापलीकडून राख पडत होती, हे कळल्यावर तिथली साधी ढेकळंसुद्धा जरा जपून तुडवली जातात.

मग पुन्हा आळेफाटा. इथेच सगळं ठरणार होतं. डावीकडे वळले तर दोन तासांत घरी. निघोज झालंय, बोरी झालंय, एडिटरबाईंना अडीच हजार शब्द आरामात देता येतील, डोंगर ‘दूरवर दिसणाऱ्या सह्याद्रीच्या रांगा’ असे टाकून देता येतील. (हे आम्ही करतो. सगळेच करतात.)

मी मिसळ मागवली. आणि तुम्हाला आता सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जुलै २०२२. मी आणि माझी रूममेट माळशेजला धबधबे बघायला गेलो होतो. गाडी हीच, सेकंडहँड घेऊन जेमतेम चार महिने झालेले. ती आयटीतली, मी ही अशी. दोघींच्या पगारांत, म्हणजे तिच्या पगारात आणि माझ्या आशेत, टू बीएचके चालला होता. घाट उतरताना धुकं इतकं दाट झालं, की बॉनेटपुढचं दिसेना. समोरून अचानक टेम्पोचे दिवे आले. मी ब्रेक दाबला, रस्त्यावर चिखल होता, गाडी घसरली आणि डावी बाजू रस्त्याकडेच्या दगडी बांधावर जाऊन आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचं डावं कॉलरबोन मोडलं. सीटबेल्टनेच मोडलं आणि सीटबेल्टनेच ती वाचली, असं डॉक्टर म्हणाले. टेम्पोवाल्यानेच आम्हाला वर आणून दवाखान्यात पोचवलं.

ऑपरेशन झालं, प्लेट बसली. पुढच्याच महिन्यात तिचं ऑनसाइट होतं, पहिलंच. तिकडच्या थंडीसाठी तिने जॅकेट घेऊन ठेवलं होतं, टॅगसुद्धा काढला नव्हता. तिच्या जागी टीममधला दुसरा कोणीतरी गेला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. उलट पहिले दोन महिने मीच रडायचे आणि ती एका हाताने चहा करायची. सहा महिन्यांनी तिने खराडीला फ्लॅट घेतला, ‘ऑफिस जवळ पडतं गं.’ पडतंच जवळ, त्यात खोटं काही नाही. आम्ही बोलतो, वाढदिवसाला भेटतो. फक्त तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसलेली नाही आणि मीही कधी ‘सोडते तुला’ म्हटलेलं नाही.

मिसळ संपली. बिल दिलं. गाडी सुरू केली आणि सरळ घातली.

तुम्ही म्हणाल, आता आलं ते फिल्मी. काही नाही हो. ओतूरपर्यंत रस्ता सपाट आहे, पुढे पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी उजवीकडे चमकायला लागतं, थंडीच्या दिवसांत पक्षी बघणारे लोक कॅमेऱ्यांच्या तोफा लावून बसलेले असतात. चार वाजता मी घाटमाथ्यावर पोचले आणि घाट न उतरता तिथेच रूम घेतली. संध्याकाळी कड्यावर उभं राहून कोकणाकडे पाहिलं. पुण्याच्या बाजूने येताना डोंगर अंगावर येतच नाही. चालता चालता जमीन एकदम संपते आणि खाली ठाणे जिल्हा दिसतो. कड्यांवर आडवे पट्टे, पायऱ्या पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. सगळा सह्याद्री असा लेअर केकसारखा आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं होतं, पण परीक्षेपुरतं.

रात्री झोप लागली नाही हे काही वेगळं सांगायला नको.

सकाळी सातला आभाळ स्वच्छ. धुक्याचा पत्ता नाही. मी सीट पुढे घेतली, मागे घेतली, आरसे पुसले. वडिलांनी शिकवलेलं मोठ्याने म्हटलं, ‘ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.’ आणि निघाले. सेकंड गिअर. पहिली दोन वळणं खांदे कानांपर्यंत वर. मागून एक जीप हॉर्न देत आली, तिला पुढे सोडलं. बोगदा आला, गेला. एक एसटी वर येत होती, मी थांबले, तिच्या ड्रायव्हरने हात वर करून थँक्यू केलं. त्या एका हाताने मला इतकं बरं वाटलं, की विचारू नका.

आणि मी शोधत होते ते वळण. साडेतीन वर्षं ते वळण माझ्या स्वप्नात आलंय. बांधाचा दगड न् दगड मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. काय ठरवलं होतं माहितीय? तिथून जाताना स्पीड कमी करायचा आणि... आणि काय ते ठरवलं नव्हतं. सॉरी म्हणायचं बहुतेक. दगडाला.

सापडलंच नाही! खाली पायथ्यापर्यंत गेले. टपरीवर चहा घेतला, हात गरम ग्लासभोवती धरून बसले. परत वर चढले, डोळे फाडून बघत. प्रत्येक वळण तसंच, प्रत्येक बांध तसाच. कुठे नवा दगड, कुठे रंगाचा पट्टा. धुक्यात पाहिलेली जागा उन्हात ओळखू येत नाही. साडेआठला मी पुन्हा माथ्यावर होते, घाट एकदा उतरून आणि एकदा चढून, आणि मनात आनंद वगैरे काही नव्हता. चुकीच्या पत्त्यावर पार्सल घेऊन गेल्यासारखं वाटत होतं.

एक मात्र झालं. त्यानंतरचे घाट नुसतेच घाट राहिले. ओतूरहून ब्राह्मणवाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरही चढ आहे, त्याला पर्यटक कोणी विचारत नाहीत. अरुंद रस्ता, समोरून उसाचा ट्रॅक्टर. मी गाडी कडेला दाबून घेतली, ट्रॅक्टर गेला, मी निघाले. पुढे गेल्यावर लक्षात आलं की ह्यात मला काहीच वाटलं नाही. पलीकडे कोतूळला मुळा नदी, मग राजूर, मग भंडारदऱ्याचं शेंडी गाव. प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ साली पूर्ण झालेलं. जलाशयाला वळसा घालत रतनवाडीवरून साम्रदला पोचायला दीड वाजला. ह्या पट्ट्यात मोबाइलची रेंज येते-जाते, मुख्यतः जाते. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, आणि पेट्रोल राजूरलाच भरून घ्या. पुढे भरू म्हणालात तर पुढे फक्त गाई भेटतील.

साम्रदला आले होते सांदण दरीसाठी. ‘सांद’ म्हणजे फट. दोन भिंतींमधली, कपाटामागची, जिथे आपलं पेन पडतं आणि मग कधीच मिळत नाही, ती. ही सांद जमिनीतली. पठारावरून चालताना शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही की इथे काही आहे. खडकाला उभी चीर पडली आणि वर्षानुवर्षं पावसाच्या पाण्याने ती खरवडून खोल केली. आत उतरलं की दोन्ही बाजूंना उंचच उंच कातळ आणि आकाश म्हणजे वर एक निळी पट्टी. दरी अशीच खाली खाली जात कोकणाच्या बाजूला उघडते.

मी ‘सोलो’च्या तोऱ्यात एकटीच जाणार होते. जिथे जेवले त्या घरातल्या मावशींनी ते ऐकून घेतलं, मला आणखी एक तांदळाची भाकरी वाढली आणि मुलाला हाक मारली. ‘ताईसंगं जा रे.’ विषय संपला. खरं तर तेच बरोबर आहे. आत दगडधोंड्यांचा खच आहे, कुठला धोंडा हलतो हे त्या मुलाला माहीत होतं, मला नव्हतं. आणि पावसाळ्यात तर दरीत पाऊल टाकायचा विचारही करू नका. वर पठारावर कोसळलेलं सगळं पाणी ह्याच फटीतून धावतं.

‘एकल्याच आल्या का पुण्यावरून?’ मुलाने विचारलं.

‘हो.’

‘गाडी तुमीच चालवली?’

‘हो.’

‘घाटातून बी?’

‘घाटातून बी,’ मी म्हटलं. गेल्या साडेतीन वर्षांत इतकं छान वाक्य मी बोलले नव्हते.

वाटेत पाण्याचे डोह लागतात. पहिला मांडीपर्यंत, दुसरा कमरेच्या वर. डिसेंबरचं पाणी, जिथे ऊन दिवसातून थोडा वेळच पोचतं तिथलं. पाय घातला आणि मी जी किंकाळी फोडली ती दोन्ही भिंतींवर आपटून चार वेळा परत आली. मुलगा हसून हसून खडकावर बसला. पुढे दरी अरुंद होत जाते, आवाज बदलतात, आपलं बोलणं आपोआप हळू होतं. मी एका भिंतीला तळहात टेकवला. दगड थंडगार, ओलसर, आणि कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. बराच वेळ तशीच उभी राहिले. दोर लावून उतरावं लागतं त्या टप्प्यावरून आम्ही मागे फिरलो.

संध्याकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर सूर्यास्त, समोर अलंग, मदन, कुलंग. फोटो सोबत आहेतच, त्यामुळे वर्णन करत नाही. रात्री मावशींच्या ओसरीवर पिठलं-भाकरी आणि दोन गोधड्या. नऊ वाजता झोपले ते थेट कोंबड्याच्या अलार्मपर्यंत.

रविवारी परत. राजूरला पेढे घेतले. अकोले, संगमनेर, मग नाशिक-पुणे हायवे. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये व्हायचं ते झालं. मीटरवर एकूण सव्वापाचशे किलोमीटर. पण घरी न जाता गाडी खराडीला घेतली. न सांगता गेले. रूममेटने दार उघडलं, अंगावर पायजमा, हातात लॅपटॉप. रविवारी संध्याकाळी. (तुमच्यापैकी किती जण हे वाचताना खजील झालात ते मला माहितीय.)

‘अवतार काय आहे! कुठून आलीस?’

‘माळशेज. आणि पुढे सांदण.’

तिने लॅपटॉप बंद केला. ‘कोणाबरोबर?’

‘एकटी. गाडीने.’

ती काही बोलली नाही. पेढ्यांचा खोका डाव्या हाताने घेतला, टेबलावर ठेवला, दोरा तोडला. मी त्या खांद्याकडे बघत होते, तिने ते बघितलं. मग मी भराभरा सगळं सांगून टाकलं. खळगे, आजोबा, ट्रॅक्टर, थंड पाणी. आणि ते वळण सापडलं नाही हेही सांगितलं.

‘उतरताना, बोगद्याच्या आधीचं,’ ती म्हणाली. ‘बांधाच्या मागे एक वाकडं झाड आहे.’

‘तुला आठवतं?’

‘हो मग. डोळे उघडे होते माझे.’

इन्शुरन्सच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, ‘दाट धुके व चिखल.’ आईला तेच सांगितलं. हिलाही तेच. धुकं होतंच, चिखल होताच. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

‘माझे मिटलेले होते,’ मी म्हटलं. ‘दिवे दिसले आणि मी डोळे मिटले. ब्रेक दाबला आणि डोळे मिटून घेतले. गाडी कुठे जातेय ते मी बघितलंच नाही.’

वरच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. तिने दुसरा पेढा उचलला, अर्धा तोडला, अर्धा माझ्या पुढे धरला.

‘माहितीय मला,’ ती म्हणाली. ‘मी तुझ्याकडेच बघत होते.’